पन्नास अन्नाचा व्हिलेजर

‘एज ऑफ एम्पायर्स’ हा गेम ज्यांनी मन लावून खेळला आहे, त्यांना ५० हा आकडा पाठ असतो. एक व्हिलेजर तयार करायला ५० अन्न लागतं. व्हिलेजर म्हणजे या खेळातला सगळ्यात साधा माणूस. तो लाकूड तोडतो, शेत कसतो, सोनं खणतो, घरं बांधतो. लढाईत त्याचा फारसा उपयोग नाही, पण पुढे जे घोडेस्वार, हत्ती आणि तोफा उभ्या राहतात त्या सगळ्या त्याच्याच कमाईवर.

या मालिकेचा पहिला भाग १९९७ साली आला तेव्हा त्यात १२ संस्कृती होत्या : इजिप्शियन, ग्रीक, बॅबिलोनियन, पर्शियन, यामातो वगैरे. प्रत्येकीला तिची म्हणून दोन-चार बलस्थानं दिलेली होती. चीनच्या शांग घराण्याच्या वाट्याला आलेलं एक बलस्थान कागदावर अगदी किरकोळ दिसे. त्यांचा व्हिलेजर ५० ऐवजी ३५ अन्नात तयार व्हायचा. कुणी अजिंक्य योद्धा नाही, अभेद्य तटबंदी नाही, माणशी फक्त १५ अन्नाची बचत. पण सुरुवातीला हाताशी असलेल्या २०० अन्नात इतरांचे चार व्हिलेजर होत, तिथे शांगांचे पाच होऊन वर २५ अन्न शिल्लक राही. पाचवा माणूस कामाला लागला की तोही अन्न आणणार, त्यामुळे सहावा लवकर येणार, मग सातवा त्याहून लवकर. अर्ध्या तासाने समोरासमोर सैन्यं उभी राहिली की शांगांचं सैन्य मोठं दिसे, आणि त्याचं मूळ पहिल्या काही मिनिटांतल्या त्या बचतीत असे. १९९८ मध्ये ‘राइज ऑफ रोम’ हा विस्तार आला, तेव्हा शांगांच्या व्हिलेजरची किंमत ३५ वरून ४० वर गेली.

पाच अन्नाच्या या फरकात ऐतिहासिक स्ट्रॅटेजी गेमचा एक फार अवघड प्रश्न दडलेला आहे. वेगवेगळ्या संस्कृती खरोखरच वेगळ्या वाटाव्यात आणि तरीही त्यांच्यातली लढत न्याय्य व्हावी, हे जमवायचं कसं? गेली बरीच वर्षं मी हे गेम खेळतो आहे आणि त्यांच्या प्रत्येक पॅचमधले, म्हणजे सुधारित आवृत्तीतले, बदल वाचतो आहे. माझं मत असं झालं आहे की बोनसची खरी किंमत त्याच्या आकड्यावरून कळत नाही. तो खेळाच्या कोणत्या मिनिटाला हाती येतो, कोणत्या नकाशावर येतो आणि त्याच्या बदल्यात काय सोडावं लागतं, यावरून कळते.

संस्कृतींना वेगळेपण द्यायचं हेच मुळात ठरलेलं नव्हतं. सिड मायर यांचा ‘सिव्हिलायझेशन’ १९९१ साली आला. त्यात रोमन घ्या, झुलू घ्या किंवा भारतीय घ्या, हातात येणारी हत्यारं, इमारती आणि शोध तेच. फरक असायचा तो संगणक खेळवत असलेल्या राजांच्या स्वभावात, म्हणजे कोण भांडखोर आणि कोण शांत एवढाच. अशा खेळात तोल आपोआप साधतो. २००१ साली आलेल्या ‘सिव्हिलायझेशन ३’ने हे बदललं. प्रत्येक संस्कृतीला स्वभावगुण मिळाले आणि दुसऱ्या कुणाकडे नसलेली एक खास तुकडी मिळाली.

तिथेच वेळेचा प्रश्न उभा राहिला. त्या खेळात अमेरिकेची खास तुकडी होती एफ-१५ हे लढाऊ विमान. विमान जबरदस्तच. पण ‘सिव्हिलायझेशन’चा डाव इसवी सन पूर्व ४००० पासून सुरू होतो, आणि विमानांचा काळ येईपर्यंत बहुतेक डावांचा निकाल लागून गेलेला असतो. ज्याच्याकडे एफ-१५ बनवण्याइतकं विज्ञान आणि उद्योग आहेत तो तसाही जिंकतच आलेला असतो, आणि जो मागे पडला आहे त्याला ते विमान मिळतच नाही. याउलट एखाद्या संस्कृतीला पहिल्या हजार-दोन हजार वर्षांत थोडा बळकट रथ किंवा धनुर्धारी मिळाला, तर शेजारचं एखादं शहर घेऊन ती पुढच्या सगळ्या डावाची दिशा ठरवते. ताकदीचं कोष्टक मांडलं तर विमान कितीतरी वर बसेल. प्रत्यक्ष डावात रथ वरचढ ठरतो.

हीच गोष्ट व्हिलेजरच्या हिशेबात अधिक स्पष्ट दिसते. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ या खेळाची नवी आवृत्ती, डेफिनिटिव्ह एडिशन, नोव्हेंबर २०१९ मध्ये आली. त्यात ‘इंडियन्स’ या संस्कृतीचे व्हिलेजर स्वस्त होते : खेळाच्या चार युगांपैकी पहिल्यात १० टक्के, दुसऱ्यात १५, तिसऱ्यात २० आणि चौथ्यात २५. नवखा खेळाडू २५ टक्क्यांवर भाळतो. पण चौथ्या युगात पोहोचेपर्यंत गावात शंभरावर व्हिलेजर झालेले असतात. आणखी करायचे असतात ते मेलेल्यांच्या जागी. सगळं वजन आहे ते पहिल्या १० टक्क्यांत. टाउन सेंटरमधून, म्हणजे गावाच्या मुख्य इमारतीतून, दर २५ सेकंदांना एक व्हिलेजर बाहेर पडतो, म्हणजे दहा मिनिटांत चोवीस. एकेकामागे ५ अन्न वाचलं तर १२० अन्न वाचलं. एका मेंढीत १०० अन्न असतं; म्हणजे एक मेंढी आणि वर थोडं फुकट. पुढे या संस्कृतीचं नाव ‘हिंदुस्तानी’ झालं आणि पहिल्या युगातली सूट १० वरून ८ टक्क्यांवर आली. व्हिलेजर ४५ ऐवजी ४६ अन्नाला. दहा मिनिटांत १२० ऐवजी ९६ अन्न वाचू लागलं. चोवीस अन्नाची ही छाटणी बाहेरून पाहणाऱ्याला हास्यास्पद वाटेल, पण दुसऱ्या युगात जायला नेमकं ५०० अन्न जमवायचं असतं आणि ते कुणाचं दहा-वीस सेकंद आधी जमतं यावर पहिला हल्ला कोण करणार हे ठरतं.

‘जलद’ आणि ‘टिकाऊ’ यांतला फरकही असाच फसवा आहे. ब्रिटनांचे मेंढपाळ २५ टक्के वेगाने काम करतात. सहा जण मेंढ्यांवर लावले तर साडेसात जणांचं काम होतं. डावाच्या सुरुवातीला साधारण आठ मेंढ्या मिळतात, म्हणजे ८०० अन्न. ते लवकर संपतं, आणि ते संपलं की हा बोनसही संपला. मायांचं उलट आहे. त्यांचा वेग इतरांइतकाच, पण नैसर्गिक साठे १५ टक्के जास्त टिकतात. गावाजवळच्या बोरांच्या सहा झुडपांत सगळ्यांना ७५० अन्न मिळतं, मायांना ८६० च्या वर. पहिल्या प्रकारात घाईच्या वेळी हात मोकळे होतात. दुसऱ्या प्रकारात गावाची हद्द ओलांडून धोक्यात जायची वेळ उशिरा येते. सोन्याच्या खाणींनाही हा बोनस लागू असल्याने डाव लांबला की मायांचं बळ वाढत जातं. दोन्ही बोनस एका ओळीत लिहिता येतात, पण त्यांतून खेळण्याच्या दोन निराळ्या पद्धती तयार होतात.

बोनसमागे कर्ज असावं असं मला फार वाटतं. म्हणजे देतानाच काहीतरी काढून घेतलेलं असावं. याचं सर्वांत सुंदर उदाहरण ‘एज ऑफ एम्पायर्स २’मधल्या चिनी संस्कृतीचं. जवळपास सगळे तीन व्हिलेजर घेऊन सुरुवात करतात, चिनी सहा घेऊन. दुप्पट माणसं! पण त्यांच्याकडून २०० अन्न आणि ५० लाकूड कापून घेतलेलं असतं. इतर बहुतेकांकडे सुरुवातीला २०० अन्न असतं, चिन्यांकडे शून्य. माणसं आहेत, पण पुढचा माणूस तयार करायला एक दाणाही नाही.

आता पहिल्या मिनिटाचा हिशेब बघा. मेंढीवर बसलेला एक व्हिलेजर सेकंदाला साधारण एक तृतीयांश अन्न मिळवतो. सहाही जण बसवले तर सेकंदाला दोन, म्हणजे २५ सेकंदांत ५०. नेमकी एका व्हिलेजरची किंमत, आणि नेमका एका व्हिलेजरला लागणारा वेळ. टाउन सेंटर चालू ठेवायचं तर सगळ्यांनी मेंढीवरच बसायला हवं. पण मग घर कोण बांधणार? घर नसेल तर थोड्याच वेळात नव्या माणसांना जागा उरत नाही. लाकडावर एकही जण नाही, तेव्हा हातचं लाकूड संपल्यावर पुढचं घर कशातून होणार? जाणकार खेळाडू इथे हातचलाखी करतात. व्हिलेजरच्या हातातलं ओझं पूर्ण भरायची वाट न पाहता, आहे तेवढं अन्न टाउन सेंटरमध्ये टाकायला लावतात, म्हणजे पहिले ५० काही सेकंद आधी जमतात. हे ज्याला साधलं त्याला तीन माणसांची आघाडी मिळाली. ज्याला नाही साधलं त्याचं टाउन सेंटर रिकामं पडून राहिलं आणि आघाडीची पिछाडी झाली. म्हणूनच ही संस्कृती तरबेज खेळाडूंची आवडती आणि नवशिक्यांची डोकेदुखी आहे.

शेजारी मायांना ठेवून बघा. त्यांना एक व्हिलेजर जास्त आणि ५० अन्न कमी. एका व्हिलेजरची किंमत ५०च असल्यामुळे अन्नाच्या हिशेबात देणं-घेणं फिटलं. मग मिळालं काय? पंचवीस सेकंद. तो माणूस तयार व्हायला जो वेळ गेला असता तो वाचला. बोनसची इतकी स्वच्छ रचना मला दुसरी माहीत नाही.

हूणांचं कर्ज वेगळ्या जातीचं. बाकी बहुतेकांना दर पाच माणसांमागे एक घर बांधावं लागतं, हूणांना घरं लागतच नाहीत. भटक्या, घोड्यावरच्या टोळ्यांना घरं कशाला, असा इतिहासाचा धागा त्यामागे आहे. बदल्यात सुरुवातीचं १०० लाकूड कापलं जातं. घराला लाकूड लागतं २५. म्हणजे चार घरांचे पैसे आगाऊ घेतले. साधारण सातव्या मिनिटाला इतरांचं चौथं घर उभं राहतं. तोवर हूण तोट्यात, त्यानंतर सगळा नफा. दोनशे माणसांचं पूर्ण राज्य उभं करेपर्यंत इतर खेळाडू हजारेक लाकूड घरांत घालवतो. याखेरीज घर बांधणाऱ्याचे दर वेळचे २५ सेकंद आहेत, त्याची जा-ये आहे आणि मुख्य म्हणजे खेळणाऱ्याचं लक्ष आहे. सीमेवर लढाई पेटलेली असताना घर बांधायचं राहून गेलं की गावातलं उत्पादन थांबतं. हूण खेळणाऱ्याच्या डोक्यावरून ही सगळी चिंताच उतरलेली असते. शंभर लाकडाच्या आकड्यात या मोकळिकीची किंमत मावत नाही, आणि मला वाटतं हूणांचं पारडं जड होण्याचं मूळ तिथेच होतं.

ते किती जड झालं याची साक्ष खेळाडूंनीच दिली. हूण आले २०००च्या ‘द कॉन्करर्स’ या विस्तारात. पुढे कित्येक वर्षं ‘अरेबिया’ या उघड्या नकाशावर दोन्ही बाजूंनी हूणच घेऊन खेळायची पद्धत पडून गेली. ‘हूण वॉर’ असं तिला नावच होतं. दोघांचीही संस्कृती तीच असली की बोनसवरून तक्रार उरत नाही, निव्वळ कौशल्याची परीक्षा होते. खेळात १८ संस्कृती आणि खेळली जाते एकच! न्याय मिळाला, पण ज्या विविधतेसाठी एवढा खटाटोप केला होता तिचं काय झालं? तोल नसेल तर विविधताही टिकत नाही, कारण जिंकायला बसलेला माणूस सर्वांत सोयीची वाट धरतो आणि बाकीच्या वाटांवर गवत उगवतं.

म्हणून मग पॅच येतात. ताकद वाढवली तर ‘बफ’, कापली तर ‘नर्फ’. हूणांच्या घोडेस्वार धनुर्धाऱ्यांना मिळणारी सूट अशीच पुढे बरीच कमी केली गेली. ही कल्पना संगणकाच्या फार आधीची आहे. ‘गो’ या पटावरच्या प्राचीन खेळात काळ्या सोंगट्यांचा खेळाडू पहिली चाल खेळतो, त्याचा त्याला फायदा मिळतो. त्याची भरपाई म्हणून पांढऱ्याला काही गुण आधीच दिले जातात. त्याला ‘कोमी’ म्हणतात. जपानमध्ये कोमी साडेपाच गुणांची होती, ती या शतकाच्या सुरुवातीला साडेसहा झाली. अनेक वर्षांचे निकाल पाहून एका गुणाने सुधारणा. बुद्धिबळाने मात्र पांढऱ्याचा पहिल्या चालीचा फायदा तसाच ठेवला आणि दोघांना आळीपाळीने रंग देऊन प्रश्न सोडवला.

पण ‘गो’मध्ये दोनच बाजू. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ १९९९ मध्ये आला तेव्हा त्यात १३ संस्कृती होत्या, म्हणजे वेगवेगळ्या संस्कृतींच्या ७८ जोड्या. हूणांबरोबर १८ झाल्या तेव्हा १५३ जोड्या. २०२३ च्या अखेरीस संस्कृती ४५ झाल्या आणि जोड्या ९९०. यात नकाशांचा गुणाकार करा. उघड्या अरेबियावर फ्रँकांचे घोडेस्वार वरचढ, पण बेटांच्या नकाशावर ते किनाऱ्यावर उभे राहून वायकिंगांच्या नौका पाहणार. ‘ब्लॅक फॉरेस्ट’मध्ये घनदाट जंगलामुळे वाटा चिंचोळ्या असतात, पहिली वीस-तीस मिनिटं कुणी कुणाला हात लावू शकत नाही, तिथे सुरुवातीच्या हल्ल्याचे बोनस वाया जातात आणि उशिरा फळणारे बोनस राज्य करतात. एकेक जोडी एकेका नकाशावर तपासत तोल साधणं माणसाच्या आवाक्यातलं नाही.

मग लाखो सामन्यांची आकडेवारी बघायची आणि कोणती संस्कृती किती टक्के जिंकते ते पाहायचं. उपयोगाची पद्धत आहे, पण तिच्यावर पूर्ण विसंबलं तर ती दिशाभूल करते. गॉथ घ्या. सुरुवातीला ते कमजोर. दगडी तटही बांधू शकत नाहीत. पण शेवटच्या युगात त्यांच्या बराकींचा वेग दुप्पट होतो, पायदळ आधीच स्वस्त असतं, आणि पुराच्या पाण्यासारखी माणसांची लाट येत राहते. अशी संस्कृती लवकर संपलेल्या सामन्यांत हरेल, लांबलेल्या सामन्यांत जिंकेल आणि सरासरी पन्नास टक्क्यांच्या आसपास दिसेल. पन्नास टक्के म्हणजे सगळं ठीक, असं समजायचं का? निकाल जर दोघांच्या खेळापेक्षा घड्याळावर ठरत असेल, तर सरासरी बरोबर येऊनही तो सामना रंगणार नाही. चिन्यांच्या बाबतीत नवख्यांच्या आणि तरबेजांच्या आकड्यांत मोठी तफावत दिसते. त्यांना नवख्यांसाठी बळ द्यावं तर वरच्या पातळीवर ते अजिंक्य होतील. कुणासाठी तोल साधायचा, हे आकडेवारी सांगत नाही. ते रचनाकाराला स्वतः ठरवावं लागतं.

मोठ्या स्पर्धांनी यावर स्वतःचा तोडगा काढला. २०२२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या किल्ल्यात ‘रेड बुल वोलोलो’ची स्पर्धा झाली. मध्ययुगीन किल्ल्यात मध्ययुगाचा खेळ, दृश्य छानच होतं. पण खेळातली मौज सामन्याआधीच सुरू होते. अशा स्पर्धांत खेळाडू नकाशे आणि संस्कृती निवडतात, समोरच्याच्या काही संस्कृतींवर बंदी घालतात, मग लढतात. एखादी संस्कृती एखाद्या नकाशावर फार बलवान असेल तर तिच्यावर बंदी येते, किंवा ती मिळवण्यासाठी दुसरी एखादी सोडावी लागते. ही एक प्रकारे बाजारातली किंमत झाली. ती रचनाकाराने न ठरवता खेळाडू एकमेकांशी घासाघीस करून ठरवतात. यात असमतोल पूर्ण नाहीसा होत नाही, तो डावपेचाचा भाग बनतो. मला हा मार्ग पॅचपेक्षाही आवडतो, कारण त्यात कुणाचं वेगळेपण कापलं जात नाही.

कापण्यात खरा धोका आहे. हूणांना घरं लावली की तोल साधेल, पण मग हूण उरतील कुठे? ‘सिव्हिलायझेशन ५’च्या २०१३ मधल्या विस्तारात व्हेनिस आलं. व्हेनिसला नवी शहरं वसवताच येत नाहीत. साम्राज्य वाढवण्याच्या खेळात शहर वसवता न येणं म्हणजे केवढं मोठं बंधन! बदल्यात दुप्पट व्यापारी मार्ग मिळतात आणि पैशाच्या जोरावर छोटी स्वतंत्र नगरराज्यं आपल्या अंमलाखाली आणता येतात. व्हेनिस घेतलं की सगळा खेळच निराळा होतो आणि इतिहासातलं व्हेनिसही डोळ्यांसमोर येतं : सरोवरातलं एक शहर आणि भूमध्य समुद्रभर पसरलेला त्याचा व्यापार. त्याच खेळातल्या स्पेनचं उदाहरण मात्र मला फसलेलं वाटतं. एखादं नैसर्गिक आश्चर्य सगळ्यांत आधी शोधलं तर स्पेनला ५०० सोनं मिळतं. सुरुवातीच्या काळात एवढ्या पैशात थेट नवं शहर वसवणारी तुकडी विकत घेता येते. असं आश्चर्य शेजारी निघालं तर स्पेनला कुणी थांबवू शकत नाही, नाही निघालं तर स्पेन म्हणजे एक साधं राज्य. हजार डावांची सरासरी काढा, ठीक येईल. पण खेळणारा एका वेळी एकच डाव खेळतो.

‘एज ऑफ एम्पायर्स ४’ (२०२१) मधल्या दिल्ली सल्तनतीवर रचनाकारांनी फार विचार केलेला दिसतो. इतर सगळे नव्या तंत्रांसाठी अन्न आणि सोनं मोजतात. दिल्लीला सगळी तंत्रं फुकट, फक्त त्यांना वेळ फार लागतो. मशिदींमध्ये विद्वान बसवले की तो वेळ कमी होतो, आणि विद्वान तयार करायला सोनं लागतं. म्हणजे फुकट काहीच नाही. किंमत फक्त दुसऱ्या चलनात वसूल केली. प्रत्येक खेळाडूला ठरवावं लागतं की विद्वानांवर किती खर्च करू आणि सैन्यावर किती. ज्ञान आश्रयावर वाढतं हे इतिहासातलं सत्यही त्यातून दिसतं, आणि तेही एकही परिच्छेद वाचायला न लावता.

भारताच्या बाबतीत या मालिकेने घेतलेलं वळण मला महत्त्वाचं वाटतं. २०१३ पासून सबंध उपखंडासाठी ‘इंडियन्स’ ही एकच संस्कृती होती, उंटांवर भिस्त असलेली. एप्रिल २०२२ मध्ये ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ हा विस्तार आला आणि तिच्या जागी हिंदुस्तानी, गुर्जर, बंगाली आणि द्रविड अशा चार संस्कृती झाल्या. युरोपीय राज्यांकडे असतात ते नाइट, म्हणजे चिलखती घोडेस्वार, चौघांपैकी कुणालाच दिले नाहीत. द्रविडांची घोडदळाची बाजू तर फारच लंगडी. यामागे इतिहास आहे. दक्षिणेत चांगली घोडी निपजत नसत. विजयनगरला आणि बहमनी राज्याला घोडे समुद्रमार्गे अरबस्तान आणि इराणमधून आणावे लागत, आणि गोवा, भटकळ यांसारखी बंदरं त्या व्यापारावर श्रीमंत झाली. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतल्यावर घोड्यांचा हा व्यापार ज्याच्या मुठीत त्याची दख्खनच्या राजकारणात किंमत वाढली. खेळातल्या द्रविडांना भरपाई म्हणून प्रत्येक नव्या युगात २०० लाकूड दिलं, बराकींतली तंत्रं निम्म्या किमतीत दिली, आणि ‘वूट्झ’ हे दक्षिणेतलं जगप्रसिद्ध पोलाद दिलं, जे शत्रूच्या चिलखताची फिकीर करत नाही. चित्र प्रामाणिक आहे. तरी उघड्या नकाशावर घोड्यांशिवाय हल्ल्याला उत्तर द्यायचं कसं, हा प्रश्न द्रविड घेणाऱ्याला पडतोच. घोडे नसल्याची किंमत विजयनगरनेही मोजली होती.

मराठे ‘एज ऑफ एम्पायर्स २’मध्ये नाहीत, आणि तो खेळ साधारण १६०० च्या आसपास थांबतो हे पाहता नसणं योग्यच. ‘एम्पायर : टोटल वॉर’ (२००९) मध्ये ते आहेत. तिथला डाव १७०० साली सुरू होतो. राजाराम महाराजांचं निधन आणि ताराबाईंनी सूत्रं हाती घेणं याच वर्षातलं. तिथे मराठ्यांना निराळ्या तुकड्या आहेत, पण मला त्यात मराठ्यांची लढण्याची रीत दिसत नाही. ती रीत बोनसमध्ये कशी उतरवता येईल, याचा हिशेब करून बघण्यासारखा आहे.

पहिला विचार चौथाईचाच येणार. शत्रूच्या मुलखातल्या कमाईचा चौथा हिस्सा आपल्याला. पंचवीस टक्के वाचायला बरं वाटतं, पण दोघांची कमाई हजार-हजार असेल तर चौथाईनंतर माझे १२५० आणि त्याचे ७५०. पाचास तीन असं प्रमाण झालं. नुसत्या पंचवीस टक्क्यांच्या चौथाईने मला त्याच्याहून जवळजवळ सदुसष्ट टक्के जास्त मिळाले, कारण एकाच आकड्याने मी वर गेलो आणि तो खाली गेला. सरदेशमुखीच्या दहा टक्क्यांनीही ११०० आणि ९०० होतात, म्हणजे बावीस टक्क्यांची आघाडी. शांगांना पंधरा अन्नाची सूट जड झाली होती, मग ही तर कुणालाच सोसायची नाही. शिवाय जो आधीच वरचढ आहे तोच शत्रूच्या मुलखात पोहोचणार, म्हणजे जिंकणाऱ्याला आणखी जिंकवणारा हा बोनस.

सुटका इतिहासातच आहे. चौथाई दिली की त्या मुलखाला स्वारीपासून अभय मिळे. तेव्हा निवड शत्रूच्या हाती द्यायची. माझे स्वार त्याच्या शेतांजवळ पोहोचले की त्याने ठरवायचं : ठरावीक काळ खंडणी द्यायची आणि तेवढ्या काळात माझ्या घोडदळाला त्याच्या व्हिलेजरांवर हात टाकता येणार नाही, किंवा द्यायची नाही आणि लढायचं. आता बोनस दोन्ही बाजूंना कापतो. खंडणी घेऊन माझेच हात बांधले जातात, आणि तेवढ्या वेळात तो शांतपणे तट उभारू शकतो.

कर्जाची बाजू शिलेदारांकडून यावी. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे, शिलेदार स्वतःचं घोडं घेऊन येई. म्हणजे शिलेदार तयार करायला स्वस्त, पण लुटीतला वाटा त्याचा. बारगीर महाग, लूट सगळी खजिन्यात. आणि आपल्या गडांपासून फार दूर, फार दिवस राहिलेल्या घोडदळाचं बळ घटत जावं. पानिपतावर १७६१ मध्ये उपासमारीने काय केलं ते आपल्याला ठाऊक आहे. अडचण राहते ती आकड्यांची. शिलेदार किती स्वस्त ठेवायचा? ६० अन्नाचा ठेवला तर अरेबियावर दहाव्या मिनिटाला पाच-सहा शिलेदार शत्रूच्या लाकूडतोड्यांवर पडतील आणि त्याला भालाईत उभे करायलाही सवड मिळणार नाही. ८० चा ठेवला तर ब्लॅक फॉरेस्टमध्ये त्याला कुणी हात लावणार नाही, सगळे बारगीरच घेतील. खंडणीचं अभय दोन मिनिटांचं असावं की तीन, आणि त्यात दगडी तट किती लांब बांधून होतो, हे शे-दोनशे डाव खेळल्याखेरीज ठरवता यायचं नाही.